तलावाकाठी एक दिवस: घरात कोणालाच पोहता येत नसेल तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सात माणसं: तुम्ही दोघं, आत्या, गुडघे दुखणाऱ्या आजी, तेरा वर्षांचा भाचा, नऊ वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. मोठ्या तलावाकाठच्या उद्यानात सकाळ ते संध्याकाळ घालवायची आहे. पोहता घरात कोणालाच येत नाही. मागच्या वेळी दुपारनंतर सगळे चिडले, आजी बाकावर ताटकळल्या आणि दिवस वाया गेल्यासारखं वाटलं. या वेळी काय वेगळं करावं?

मी बावीस वर्षं तलावांच्या काठी काम करतो आहे, आधी जीवरक्षक म्हणून आणि नंतर कुटुंबांच्या व शाळांच्या निसर्गसहली नेणारा म्हणून. फसलेले दिवस मी खूप पाहिले आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण एकच होतं: माणसं तलाव ‘बघायला’ आली होती. पूर्ण फेरी मारायची, बोटीत बसायचं, फुलबाग बघायची, टेकडीवरून फोटो काढायचा आणि मग जेवायचं. सात माणसांचं बिऱ्हाड दिवसभर पाठीवर घेऊन फिरलं की दुपारी दोन वाजता ते कोसळणारच. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हा की काठावर एकच जागा निवडा आणि दिवसभर तिथेच बस्तान ठेवा. ज्याला फिरायचं असेल त्याने तिथून अर्ध्या तासासाठी निघावं आणि परत तिथेच यावं. आजींना मग ताटकळावं लागत नाही, कारण त्या जिथे बसल्या आहेत तेच सगळ्यांचं घर होतं.

पण ही जागा नीट निवडावी लागते. उतरल्या उतरल्या सामान खाली टाकायची घाई करू नका. एकाने आधी दहा मिनिटं काठाने चालून यावं. स्वच्छतागृह दोन-तीनशे पावलांच्या आत असावं, वाट सपाट असावी. झाडाची सावली बघताना मात्र आत्ता कुठे आहे ते बघू नका, दुपारी कुठे असेल ते बघा. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला पडते आणि दुपारनंतर पूर्वेला. सकाळी नऊला ज्या गार जागेवर तुम्ही सतरंजी टाकता ती दोन वाजता भर उन्हात असते, आणि तेव्हा जेवण झालेलं असतं, छोटा झोपलेला असतो, सामान पसरलेलं असतं. म्हणून आजींची खुर्ची पहिल्यापासून झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला लावा. सकाळचं ऊन थोडं अंगावर येईल, पण ते सोसवतं. खुर्ची पाठ टेकता येईल अशी, हात असलेली आणि बैठकीला उंच हवी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्रास बसण्याचा होत नाही, उठण्याचा होतो, आणि खालच्या खुर्चीतून उठताना प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागली की अशी माणसं पाणी पिणंच कमी करतात. उन्हाच्या दिवशी हे फार वाईट.

दुसरी गोष्ट वारा. तलावावरचा वारा ज्या काठाकडे वाहतो, त्या काठाला तरंगणारं सगळं येऊन साचतं: पानं, फेस, कचरा आणि शेवाळही. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला, किंवा काठाशी हिरवट-निळसर साय जमलेली दिसली, तर तो काठ सोडा. हे बहुतेक वेळा निळे-हिरवे शैवाल असतं. खरं तर ते जिवाणू आहेत आणि त्यांच्यातले काही विष तयार करतात. पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, अंगाला लागलं तर पुरळ येतं आणि कुत्र्यांचा तर जीव जातो, कारण ती पाणी पितात आणि नंतर अंग चाटतात. एक सोपी परीक्षा आहे: लांब काडी पाण्यात फिरवून वर काढा. केसांसारखे धागे लोंबत आले तर बहुधा ते साधं शेवाळ. काडी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखून आली तर सावध व्हा. नक्की निदान प्रयोगशाळेतच होतं, त्यामुळे शंका आली की मुलांना त्या पाण्याला हात लावू देऊ नका.

वाऱ्याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. वारा तुमच्या पाठीमागून तलावाकडे वाहत असेल तर तुमच्या काठाचं पाणी अगदी शांत, काचेसारखं दिसतं. ते बघून मुलांच्या हातात हवा भरलेलं चक्र किंवा गादी दिली जाते. ती हलकी असते, वारा तिला शिडासारखी ढकलतो, आणि बघता बघता ती खोल पाण्यावर जाते. गेलेल्या चेंडूच्या किंवा चक्राच्या मागे माणूस पाण्यात उतरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून तुमच्यासारख्या घराने हवेची खेळणी आणूच नयेत. आणि मुलांना घरून निघतानाच सांगून ठेवा: पाण्यात गेलेली वस्तू गेली, तिच्यामागे जायचं नाही, चप्पल असो की चेंडू.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली आणि त्यात जवळपास एक चतुर्थांश मुलं पाच वर्षांखालची होती. तुमचा धाकटा याच वयाचा आहे. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. चार मोठी माणसं जवळ असताना मूल कसं बुडतं, हे समजलं तर ते टाळता येतं, म्हणून सांगतो.

एका उन्हाळ्यात नऊ-दहा जणांचं कुटुंब उथळ पाण्यात खेळत होतं. पाच-सहा वर्षांची एक मुलगी, पाणी तिच्या छातीला लागत होतं. तिचा काका तिच्यापासून चार हातांवर उभा होता, दुसऱ्या कोणाशी तरी बोलत. मी काठावरून चाललो होतो. मला दिसलं की मुलगी सरळ उभी आहे, पण तिचे पाय कशावर टेकलेले नाहीत. तोंड पाण्याच्या पातळीशी, मान मागे टाकलेली, ओले केस डोळ्यांवर आलेले, आणि ती ते बाजूला करत नव्हती. दोन्ही हात पाण्यावर दाबल्यासारखे खालीवर होत होते. आवाज काहीच नाही. मी ओरडलो, काकाने वळून एका ढांगेत तिला उचललं, आणि ती खोकली, रडली. काका पांढराफटक पडला होता. तो मला म्हणाला, “मला वाटलं ती उड्या मारतेय.” पाण्याखाली एक खळगा होता. तिचं एक पाऊल मागे पडलं होतं, एवढंच.

बुडणारा माणूस हाका मारतो, हात हलवतो असं आपण धरून चालतो. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी 1970 च्या सुमारास बुडणाऱ्यांचं प्रत्यक्ष चित्रीकरण अभ्यासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. श्वास घेण्याची धडपड चालू असताना शरीर आवाज काढू शकत नाही आणि हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात. ही अवस्था 20 ते 60 सेकंद टिकते, मग माणूस खाली जातो. फोनवरचा एक निरोप वाचून उत्तर लिहायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

त्यामुळे ‘आपण सगळे आहोत ना, लक्ष राहील’ यावर भिस्त ठेवू नका. सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. मी कुटुंबांना एक शिट्टी आणायला सांगतो, दोरी लावलेली. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याचं काम फक्त पाणी आणि मुलं. फोन नाही, डबा उघडणं नाही, गप्पा मारताना मान वळवणं नाही. वीस मिनिटं झाली की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि तोंडाने म्हणायचं, “आता तू बघ.” समोरच्याने “हो, मी बघतो” म्हणेपर्यंत पहिल्याची सुटका नाही. तुम्ही तिघं मोठी माणसं आलटून पालटून हे सहज करू शकता. आजींना या पाळीत घेऊ नका, कारण त्यांना दिसेल पण धावता येणार नाही. तेरा वर्षांच्या भाच्यालाही एकट्याला ही जबाबदारी देऊ नका. धाकटा पाण्याजवळ असेल तेव्हा शिट्टीवाला पुरेसा नाही. कोणीतरी हात लांब केला की तो हाताला लागेल इतक्या अंतरावर हवं. मी हे ‘हातभर अंतर’ म्हणतो, आणि ते शब्दशः घ्यायचं.

पोहायला जायचं नसलं तरी मुलं पाय बुडवणारच आणि बुडवू द्यावेत. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. स्वच्छ पाण्याचा तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो. सरळ वरून पाहिलं तर चार फूट पाणी तीन फुटांएवढं भासतं, आणि काठावरून तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो, त्याचा हा परिणाम. त्यामुळे ‘इथे गुडघाभरच आहे’ हे डोळ्यांनी ठरवू नका, काठी टेकवून बघा. दुसरं म्हणजे धरणामुळे तयार झालेल्या तलावांचा तळ उताराचा आणि गाळाचा असतो, पातळी सतत खालीवर होते, त्यामुळे मागच्या वेळची ओळखीची जागा या वेळी तशीच असेलच असं नाही. उन्हाने तापलेलं पाणीही वरच्या थरापुरतंच असतं. खाली ते एकदम थंड असू शकतं. अचानक थंड पाण्यात पडलेला माणूस आपसूक जोराने श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. पहिली एक-दोन मिनिटं हा धक्का असतो, मग श्वास ताब्यात येतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना, मोठ्यांनाही, एक गोष्ट शिकवा: पाण्यात पडलात तर धडपडू नका, मान मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, पोट वर करून तरंगत राहा आणि श्वास सावरला की मग हाक मारा.

आणि कोणी पडलंच, तर तुमच्यापैकी कोणीही मागे उडी मारायची नाही. हे आईबापांना ऐकायला फार कठीण जातं, मला ठाऊक आहे. पण पोहता न येणारा माणूस उतरला की एकाऐवजी दोघं बुडतात. तुम्ही बरोबर ठेवायची वस्तू अगदी साधी आहे: पाच लिटरचा झाकणाचा रिकामा कॅन, त्याच्या मुठीला दहा-बारा मीटर दोरी पक्की बांधलेली, आणि आत पेलाभर पाणी, म्हणजे फेकताना तो वाऱ्याने उडत नाही. कॅन पडलेल्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि ओढत त्याच्या हाताशी आणायचा. जवळ असेल तर काठावर पालथं झोपून काठी, ओढणी, टॉवेल जे असेल ते पुढे करायचं. जाण्याआधी घराजवळच्या मोकळ्या जागेत भाच्याला आणि आत्याला हा कॅन दहा वेळा फेकायला लावा. पहिले तीन-चार नेम हमखास चुकतात आणि ते तिथेच चुकलेले बरे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटं टांगून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत येतं. त्याला तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं हवं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने मदत बोलवायला हवी. हे वाचून येत नाही. दोघांनी तरी प्रथमोपचाराचं एका दिवसाचं प्रशिक्षण घ्या, या सहलीआधी जमलं नाही तर नंतर. पाण्याखाली गेलेलं मूल लगेच ठीक वाटलं, पण पुढच्या काही तासांत सतत खोकला, धाप, वांत्या किंवा विचित्र गुंगी दिसली, तर त्याला थेट रुग्णालयात न्या.

बोटीबद्दल विचारलंत. पेडल बोट जरूर घ्या, सकाळी घ्या. तलावावरचा वारा बहुतेक वेळा ऊन चढल्यावर वाढतो आणि दुपारी परतताना तोंडावर येणाऱ्या वाऱ्यात पाय भरून येतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मोठ्यांनाही, आणि मापाचंच. मुलाला जॅकेट घालून पट्टे आवळा, मग खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरून त्याला उचला. जॅकेट वर सरकून हनुवटीला किंवा कानाला टेकलं तर ते पाण्यातही तसंच सरकेल आणि मूल खालून निसटेल. धाकट्याच्या जॅकेटला मानेमागे उशी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. तसं जॅकेट तिथे नसेल तर धाकटा बोटीत जाणार नाही, एवढं साधं ठेवा. दंडावरचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर राहू नका. बोटीत उभं राहून जागा बदलू नका, आणि उलटलीच तर बोटीला धरून राहा, काठ कितीही जवळ वाटला तरी.

इतकं पाण्याचं झालं. आता दिवस भरायचा कसा, तर तलाव तुम्हाला त्यात पुष्कळ मदत करतो.

सकाळचे पहिले दोन तास पक्ष्यांचे. नऊ वर्षांच्या मुलीला सेकंद मोजायला लावा. टिबुकली नावाचा छोटा, गुबगुबीत, शेपूट नसल्यासारखा दिसणारा पक्षी पाण्यात डुबकी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. तो कुठे वर येईल यावर पैज लावायची. आजीही या खेळात खुर्चीवरून भाग घेऊ शकतात, आणि माझा अनुभव असा की आजीच जास्त वेळा जिंकतात, कारण त्या डोळे हलवत नाहीत. पाणकावळा खुंटावर पंख पसरून उभा दिसला तर मुलांना विचारा की असा का उभा आहे. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकून टाकत नाहीत, भिजतात. भिजल्यामुळे तो सहज खाली बुडतो आणि मासे पकडतो, पण नंतर वाळत बसावं लागतं. भाच्याला दुर्बीण द्या आणि बाकीच्यांना दाखवायचं काम त्याचं ठेवा. त्या वयाच्या मुलांना काम दिलं की ती रमतात, ‘ये ना आमच्याबरोबर’ म्हटलं की कंटाळतात.

बदकांना पाव घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पावाने त्यांचं पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि उरलेला पाव पाण्यात कुजून वर सांगितलेल्या शैवालाला खतपाणी घालतो. मुलांना वाईट वाटेल, तर त्यांना हे कारण सांगा. मुलं कारण पटकन समजून घेतात.

दहाच्या पुढे, ऊन चढलं की, चतुर उडायला लागतात. बसल्यावर ज्याचे पंख विमानासारखे आडवे पसरलेले राहतात तो चतुर, आणि जिचे पंख बहुधा पाठीवर मिटलेले असतात ती बारीक टाचणी. हे एकदा कळलं की मुलं तासभर त्यांच्या मागे असतात. काठच्या गवताच्या काड्या आणि लव्हाळ्याचे देठ नीट बघा, पाण्यापासून वीतभर उंचीवर एखादी तपकिरी, पोकळ, पाय घट्ट रोवलेली कात चिकटलेली सापडेल. पाठीवर उभी चीर असेल. त्या चिरेतून चतुर बाहेर आला. त्याआधी तो कित्येक महिने, काही जातींत तर वर्षं, पाण्याखाली राहून इतर किडे खात होता. कात हातात घेतली तर वजनच लागत नाही. मी आजवर एकही मूल पाहिलं नाही ज्याने ती कात घरी नेऊ का असं विचारलं नाही. रिकामी काड्यापेटी बरोबर ठेवा.

जेवण लवकर घ्या, साडेबारापर्यंत. मागच्या वेळच्या चिडचिडीत भुकेचा आणि तहानेचा मोठा वाटा असणार. शिजवलेलं, नासणारं अन्न उन्हाळ्यात तासाभराच्या वर गरम हवेत उघडं राहू नये, म्हणून डबे सावलीत, झाकून, शक्य तर बर्फाच्या पिशवीबरोबर ठेवा. सनस्क्रीन निघण्याआधी घरीच लावा आणि दर दोन तासांनी, तसंच पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. जेवणानंतरचे दोन तास काहीच ठरवू नका. धाकटा झोपेल, आजी डुलकी काढतील. हा वेळ ‘वाया’ जातोय असं वाटून कोणीतरी फेरीला चला म्हणतं आणि तिथून दिवस बिघडतो.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की पाण्यापासून आणि एकट्या उंच झाडापासून दूर, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पूर्ण अर्धा तास थांबा. वीज आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर, हे भाच्याला मोजायला द्या, पण गाडीत बसून.

निघायचं चारला, सगळे अजून मजेत असताना. सामान बांधताना मुलं पाण्याजवळ आणि मोठ्यांची पाठ पाण्याकडे असं होतं, आणि दिवसातली सगळ्यात बेसावध पंधरा मिनिटं हीच असतात. म्हणून आधी धाकट्याला गाडीत किंवा आजींच्या मांडीवर बसवा, शिट्टी शेवटपर्यंत कोणाच्या तरी गळ्यात राहू द्या, आणि मग सतरंजी झटका. गवतात मासेमारीची तुटलेली तंगूस दिसली तर गुंडाळून बरोबर न्या. पक्ष्यांच्या पायांत ती अडकते आणि मग सुटत नाही.